पानावर उजेड की पानातून उजेड?

‘वाचायला ई-रीडर घेऊ का? टॅब घरात आहेच, मग वेगळं यंत्र कशाला? आणि स्क्रीनवर वाचून डोळे जातात म्हणतात, ते खरं का?’ वाचणारी माणसं भेटली की हे तीन प्रश्न ओळीने येतात. २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारने शाळांत छापील पुस्तकं परत आणण्यासाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर जाहीर केले, तेव्हापासून चौथ्याची भर पडली: ‘म्हणजे स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, हे सिद्धच झालं ना?’

या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे. आपण सरळ दोन भाग करतो, इकडे कागद आणि तिकडे ‘स्क्रीन’, आणि ई-रीडरला, म्हणजे पुस्तकं वाचण्यापुरत्याच बनवलेल्या यंत्राला, तिकडे ढकलून मोकळे होतो. खरं तर डोळ्यांपुरतं पाहिलं तर ई-रीडर कागदाचा सख्खा भाऊ आहे आणि टॅबशी त्याचं नातं लांबचं. पुस्तकाच्या मालकीचा विचार केला तर मात्र नेमकं उलटं. म्हणून यंत्राचं नाव थोडा वेळ बाजूला ठेवू आणि तीन गोष्टी विचारू: उजेड कुठून येतो, पान जागेवर राहतं का, आणि पुस्तकाची किल्ली कोणाकडे असते.

उजेड कुठून येतो?

टॅबच्या काचेमागे दिवे असतात. त्या दिव्यांपुढे लाखो सूक्ष्म झडपा असतात असं समजा. झडप बंद झाली की तो ठिपका काळा, सताड उघडली की पांढरा. म्हणजे टॅबवर ज्याला आपण पांढरं पान समजतो तो खरं तर पेटलेला दिवा असतो आणि अक्षरं म्हणजे त्या दिव्यावर धरलेल्या सावल्या. काही टॅबमध्ये मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट तीच: पानातूनच उजेड बाहेर येतो आणि थेट डोळ्यांत शिरतो. शिवाय हे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने रंगवलं जातं, तुम्ही एकाच पानावर अर्धा तास बसला असलात तरी.

ई-रीडरच्या पानामागे दिवा नसतोच. मी एकदा माझ्या जुन्या ई-रीडरचं पान साध्या डिजिटल सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. अक्षराची कड एकदम धारदार दिसेल अशी अपेक्षा होती. दिसली ती खडबडीत, बारीक काळ्या-पांढऱ्या गोळ्यांची गर्दी, ओबडधोबड कागदावर शाई मुरावी तशी. त्या गोळ्या म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या पारदर्शक कुप्या. प्रत्येक कुपीत स्वच्छ तेलासारखा द्रव असतो आणि त्यात पांढऱ्या व काळ्या रंगाचे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युतभार, काळ्यांवर विरुद्ध प्रकारचा. खालच्या थरातून योग्य विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाला बसतात. यालाच ‘ई-इंक’ म्हणतात. मागे दिवा नाही. खोलीतला उजेड पानावर पडतो आणि परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, कागदावरून येतो अगदी तसा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. फळ्यावर खडूने लिहिलेलं टिकवण्यासाठी कोणी हात धरून उभं राहावं लागत नाही, तसंच. वीज लागते ती पान बदलताना. म्हणूनच बॅटरी पूर्ण उतरलेल्या ई-रीडरवरही शेवटचं चित्र तसंच दिसत राहतं.

हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आलं. तिथल्या लोकांनी १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी काढली, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये ई-इंकचं पहिलं वाचनयंत्र विकायला आणलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अॅमेझॉनचं किंडल आलं. ‘ई-रीडर’ हा शब्द घरोघरी गेला तो त्यानंतर.

‘पण ई-रीडरमध्येही लाइट असतो की!’

असतो, पण तो मागे नसतो. चौकटीच्या कडेला बारीक एलईडी असतात आणि पानाच्या वर एक पारदर्शक थर असतो. तो थर कडेचा उजेड सगळ्या पानावर पसरवतो, खाली पानाकडे वळवतो, आणि तिथून परावर्तित होऊन तो आपल्याकडे येतो. अंथरुणात पडल्या पडल्या पुस्तकाला छोटा दिवा चिमट्याने लावावा, तसं हे आहे.

फरक उन्हात गेल्यावर कळतो. भर दुपारी उघड्यावर टॅब धरला की त्यात पुस्तकाऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो, कारण दिवा कितीही प्रखर असला तरी सूर्यापुढे फिकाच. ई-रीडर उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसतो. बंद खोलीत, लाइट न लावता पाहिलं तर मात्र ई-रीडरचं पान राखाडी वाटतं, पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा वर्तमानपत्राच्या जवळचं. दुकानातल्या झगझगीत उजेडात हे लक्षात येत नाही आणि घरी आल्यावर काही जण हिरमुसतात.

‘बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते’ या जाहिरातीबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. बारीक अक्षरातली अट वाचा. हा हिशेब बहुतेक वेळा रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद, असा धरलेला असतो. ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे एकूण २१ तास. टॅबच्या साधारण १० तासांपेक्षा हे दुप्पट आहेच, पण रोज तीन तास वाचणाऱ्याला आठवड्यातून एकदा चार्जर शोधावाच लागेल. लाइट बंद ठेवून दिवसाच्या उजेडात वाचलं तर मात्र हा आकडा खूप लांबतो.

मग डोळे जातात का?

नाही. डोळे थकतात, आणि ते थकणं खरं असतं, पण थकणं म्हणजे जाणं नव्हे. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगाभोवतीचे बारीक स्नायू आवळून धरावे लागतात. शिवाय एकाग्र झालो की पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. या दोन्ही गोष्टी कागदावर तासन्‌तास वाचतानाही होतात. टॅबवर त्यात प्रखर उजेडाची आणि काचेवरच्या चकाकीची भर पडते. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद वीस फुटांवर किंवा त्यापलीकडे पाहा, आणि स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाशी जुळवून घ्या.

‘निळा उजेड’ अडवणाऱ्या चष्म्यांवर मात्र पैसे घालवण्याआधी थांबा. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा, निदान थोड्या काळात तरी, कमी होतो असं त्यात दिसलं नाही. लहान मुलांना लांबचं पाहण्यासाठी चष्मा लागण्याची काळजी असेल, तर यंत्र बदलण्यापेक्षा त्यांना रोज दिवसाउजेडी बाहेर खेळायला सोडणं जास्त उपयोगाचं. पुस्तक कागदाचं असलं तरी ते नाकाला लावून वाचलं तर ताण तोच.

झोपेची गोष्ट वेगळी, आणि ती मी हलक्यात घेत नाही. २०१४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी १२ जणांना काही रात्री झोपण्यापूर्वी चार तास उजळ टॅबवर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचायला लावलं. टॅबच्या रात्री झोप लागायला सरासरी १० मिनिटं जास्त लागली, रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी तयार झालं आणि दुसऱ्या रात्री ते दीड तास उशिरा स्रवू लागलं. खोली अंधुक होती, टॅब पूर्ण उजेडावर होता आणि माणसं फक्त १२, हेही लक्षात ठेवायला हवं. मंद केलेला टॅब अर्धा तास पाहिला म्हणून झोपेचं खोबरं होणार नाही. पण रोज रात्री वाचतच झोपणारा माणूस असाल तर टॅब त्यासाठी नको. कागद, किंवा लाइट अगदी कमी केलेला ई-रीडर हाताशी ठेवा.

पान जागेवर राहतं का?

उजेडाची चर्चा सगळेच करतात. मला स्वतःला ही दुसरी गोष्ट त्याहून मोठी वाटते.

जाडजूड कादंबरीतला एखादा प्रसंग आठवून पाहा. पुष्कळदा मजकुराच्या आधी जागा आठवते: डाव्या पानावर, खालच्या बाजूला, पुस्तकाचा साधारण एक तृतीयांश भाग झाल्यावर. पानांची उजवीकडची चवड कमी होत जाते, डावीकडची वाढते, आणि बोटांना आपोआप कळत राहतं की आपण कुठवर आलो. वाचणाऱ्याच्या डोक्यात नकाशा तयार होतो तो असा. ई-रीडरवर प्रत्येक पान त्याच जाडीचं, त्याच जागी उगवणारं. कोपऱ्यात ‘३४ टक्के’ लिहिलेलं असतं, पण त्या ३४ टक्क्यांना वजन नसतं. ई-रीडरवर एक मोठी कादंबरी संपवल्यावर मला मधला एक संवाद पुन्हा वाचायचा होता. कोणता शब्द शोधायचा तेच आठवेना, आणि चाळायला पानं नव्हती. वीस मिनिटं मागेपुढे करून शेवटी नाद सोडला.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५० जणांना एकच २८ पानी रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक चाचण्यांमध्ये दोन्ही गट बरोबरीने उतरले. किंडलवाले मागे पडले ते काळ आणि क्रमाच्या प्रश्नांत: कोणती घटना आधी, कोणती नंतर.

त्याआधी २०१८ मध्ये स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी ५४ अभ्यास आणि एक लाख ७० हजारांहून जास्त वाचक एकत्र धरून हिशेब मांडला होता. माहितीपर मजकूर असेल, आणि विशेषतः वेळेचं बंधन असेल, तर कागदावर वाचलेलं जास्त समजतं. निव्वळ कथा-कादंबरीत असा फरक दिसला नाही. ‘नव्या पिढीला सवय झाली की फरक मिटेल’ असं वाटत असेल, तर त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट ऐका: २००० ते २०१७ या काळात हा फरक मिटला तर नाहीच, थोडा वाढला.

याचा अर्थ ‘स्क्रीन वाईट’ असा सरसकट लावला जातो, तो मला पटत नाही. फरक आहे, पण लहान आहे, आणि यातले बरेच अभ्यास संगणकाच्या पडद्यावरचे आहेत, ई-रीडरवरचे नव्हेत. एक कारण मला पटतं. स्क्रीनवर आपण वरवर नजर फिरवायची सवय लावून घेतलेली असते. संदेश, बातम्या, व्हिडिओ, सगळं तिथेच. मग त्याच काचेवर अवघड प्रकरण उघडलं तरी हात वर सरकवण्याच्याच घाईत असतात, आणि वाचून झाल्यावर ‘कळलं’ असं वाटतं ते प्रत्यक्षात कळलेल्यापेक्षा जास्त असतं.

इथे ई-रीडरचा दुबळेपणाच त्याचं बळ ठरतो. कुप्यांमधले कण वरखाली व्हायला वेळ लागतो, म्हणून पान बदलताना पडदा क्षणभर लुकलुकतो. कधी मागच्या पानाची पुसट सावली उरते, म्हणून मधूनच अख्खं पान काळं होऊन पुन्हा उजळतं. अशा यंत्रावर कोणी व्हिडिओ बघत बसत नाही. पुस्तकातून निसटायचं ठरवलं तरी जायला जागा नसते. टॅबवर मात्र कादंबरी आणि अख्खं जग यांच्यात एका बोटाचं अंतर असतं. म्हणून ‘टॅब घरात आहेच’ या युक्तिवादाला माझं उत्तर असं: टॅबवर वाचता येतं, यात वादच नाही. तुम्ही गेल्या महिन्यात त्यावर किती पानं वाचलीत, ते आठवून बघा.

पाणी आणि फोटो

पुस्तकाची फाइल दोन तऱ्हेची असते आणि निवडीत सर्वाधिक फसगत इथे होते. ई-पब ही फाइल पाण्यासारखी: ओताल त्या भांड्याचा आकार घेते. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. भांडं लहान असलं तर फोटोही लहान होतो.

मोठ्या आकाराचं, तक्ते आणि समीकरणं असलेलं पाठ्यपुस्तक पीडीएफमध्ये असेल तर ६ इंची ई-रीडरवर ते वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून भिंतीवरचा नकाशा बघणं. अशा वाचनाला १० इंचांच्या पुढचा टॅब हवा. रंगीत चित्रं, कॉमिक्स, नकाशे, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती, या सगळ्याला टॅबच योग्य. रंगीत ई-इंक निघाली आहे, पण तिच्या प्रचलित प्रकारात काळ्या-पांढऱ्या थरावर रंगीत गाळणी बसवलेली असते. त्यामुळे इंचाला ३०० ठिपक्यांची सुबकता रंगात १५० वर येते आणि पान आणखी काळपट दिसतं. मुखपृष्ठं बघायला छान, चित्रकलेच्या पुस्तकाला अपुरी.

देवनागरी वाचणाऱ्यांनी एक परीक्षा जरूर घ्यावी. जोडाक्षरं आणि वेलांट्या योग्य जागी बसवायला यंत्रात चांगली सोय लागते. ‘र्‍या’, ‘ष्ट्र’, ‘क्त्व’ असलेला एखादा परिच्छेद उघडून पाहा. अक्षरं सुटी पडलेली दिसली तर ते यंत्र तुमच्या कामाचं नाही, बाकी गुण कितीही असोत.

किल्ली कोणाकडे?

कागदी पुस्तक विकत घेतलं की ते तुमचं. मित्राला द्या, विका, मागे नाव घालून मुलीसाठी ठेवा. ई-पुस्तकाच्या दुकानात ‘विकत घ्या’ असं बटण असतं, पण बहुतेक ठिकाणी मिळतो तो वाचण्याचा परवाना. फाइलवर डिजिटल कुलूप असतं, त्याला डीआरएम म्हणतात, आणि त्याची किल्ली दुकानदाराकडे राहते.

ही नुसती शंका नाही. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून दुरून पुसली, कारण ती प्रत विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण अभ्यासासाठी त्यात टिपणं काढून ठेवलेल्या एका विद्यार्थ्याची टिपणं मात्र मजकुराविना लटकत राहिली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि लोकांनी घेतलेली पुस्तकंही गेली, अर्थात पैसे परत करून. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने खरेदी केलेली पुस्तकं संगणकावर उतरवून वायरने किंडलमध्ये घालण्याची सोय काढून घेतली.

‘मग कागदही कुठे अमर आहे?’ हा प्रश्न रास्त आहे. वाळवी, ओल, आग आहेतच. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. ते उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, आणि आम्ल असलेला कागद काही दशकांत इतका ठिसूळ होतो की दुमडला की तुटतो. पण कागद मरतो तो सावकाश आणि डोळ्यांदेखत. परवाना एका रात्रीत संपू शकतो. म्हणून माझा नियम सरळ आहे: एकदा वाचून सोडून द्यायचं ते ई-पुस्तक, आयुष्यभर सोबत ठेवायचं ते कागदावर. डिजिटल कुलूप नसलेली ई-पब फाइल देणारे प्रकाशक असतील तर त्यांच्याकडून आवर्जून घ्यावं आणि प्रत दोन ठिकाणी जपून ठेवावी.

पर्यावरणाचा प्रश्न इथेच उरकतो. यंत्राचा मोठा बोजा ते बनवतानाच पडतो. वर्षाला चार पुस्तकं वाचणाऱ्याने त्यासाठी ई-रीडर घेऊन काही साधत नाही. वर्षाला पन्नास वाचणारा एकच यंत्र सात-आठ वर्षं वापरत असेल तर हिशेब त्याच्या बाजूने झुकतो. वाचनालयातून आणलेलं पुस्तक दोघांनाही मागे टाकतं.

तर घ्यायचं काय?

परीक्षेचा अभ्यास, कायद्याचं कलम, अवघड युक्तिवाद, अशा ठिकाणी परवडत असेल तर कागद, आणि हातात पेन्सिल. ते शक्य नसेल आणि पीडीएफच वाचायची असेल तर मोठा टॅब, पण वाचताना नोटिफिकेशन पूर्ण बंद. प्रवासात आणि झोपताना सलग कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याला ई-रीडरसारखं सुख नाही. साधारण १६० ग्रॅम वजन एका हातात तासभर सहज पेलतं. साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा टॅब आडवं पडून वाचताना मनगटाला जाणवतो, आणि झोप लागली की नाकाला.

एका माणसासाठी मात्र मी दुसरा विचारच करणार नाही: ज्याची नजर अधू झाली आहे त्याच्यासाठी. माझ्या आईने मोतीबिंदूनंतर वाचन जवळजवळ सोडलं होतं. मोठ्या टायपाची पुस्तकं मोजकी, आणि ती जड. ई-रीडरवर अक्षर इतकं वाढवून दिलं की एका ओळीत चारच शब्द मावत. दर दहा-पंधरा सेकंदांनी पान उलटावं लागे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘सारखं सारखं काय हे बोट लावायचं!’ तिसऱ्या दिवशी जेवायला हाक मारली तर उत्तर आलं, ‘हे प्रकरण होऊ दे, मग येते.’

घेण्याआधी दोन गोष्टी करा. तुम्हाला पुढच्या सहा महिन्यांत खरोखर वाचायच्या आहेत अशा दहा पुस्तकांची नावं लिहा आणि त्यातली किती ई-पब किंवा त्या यंत्राच्या दुकानात मिळतात ते बघा. चारच मिळाली तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कपाटात पडून राहील. आणि ओळखीच्या कोणाकडे ई-रीडर असेल तर एका संध्याकाळीपुरता मागून घ्या. दुकानातल्या झगमगाटात नव्हे, रोज जिथे बसून वाचता त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली, किमान पन्नास पानं वाचा.